उंदरांचे नुकसान ना विम्यात, ना भरपाईत. खान्देशात बंदोबस्त शिवाराने मिळूनच

वन्यप्राण्यांमुळे होणारे पिकाचे नुकसान प्रधानमंत्री पीक विमा योजनेत घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. स्थानिक आपत्तीखालील जादा संरक्षण म्हणून खरीप २०२६ पासून ही तरतूद लागू करण्याचे ठरले. सातपुड्याच्या पायथ्याच्या चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांत रोही आणि रानडुकरांनी त्रासलेल्या शेतकऱ्यांसाठी ही बातमी दिलासा देणारी आहे.

मात्र जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील बहुतांश शिवारांत दरवर्षी दाणा कमी करणारे जीव वेगळेच आहेत. बांधातला उंदीर, मक्यावरचा पोपट, दादर ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे आणि बाजरीवरच्या चिमण्या यांनी केलेले नुकसान मोजले जात नाही. ते एका रात्रीत होत नसल्याने त्याचा पंचनामाही होत नाही. विम्याची नवी तरतूद, वन विभागाची भरपाई आणि वन्यजीव कायदा या तिन्हींत या जिवांचे नेमके स्थान काय, आणि त्यातून शेतकऱ्याच्या हातात काय उरते, याचा विचार हंगामाआधीच करायला हवा.

भरपाईत हे नुकसान का बसत नाही?

केंद्राच्या घोषणेत हत्ती, रानडुक्कर, नीलगाय (रोही), हरीण आणि माकड यांचा उल्लेख आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे वा विमा क्षेत्रे धरायची, हे राज्याने अधिसूचना काढून ठरवायचे आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत पीक विमा अ‍ॅपवर ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रांसह कळवणे बंधनकारक आहे. रोह्याच्या कळपाने रात्रीत हरभरा तुडवला तर हे शक्य होते. पण उंदीर पेरणीपासून काढणीपर्यंत रोज थोडे थोडे खातो. त्यात ७२ तास कोणत्या दिवसापासून मोजायचे, हाच प्रश्न आहे.

दुसरी अडचण राज्यातली आहे. महाराष्ट्राने खरीप २०२५ पासून एक रुपयातील पीक विमा बंद केला. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के असा झाला. त्याच वेळी स्थानिक आपत्तीसारखे जादा निकष वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पन्नाशी जोडली गेली. म्हणजे महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा खाली आले तरच पैसे मिळतात. पोपटांनी एखाद्याचा दोन एकर मका पोखरला तरी मंडळाच्या सरासरीला त्याने फरक पडत नाही. त्यामुळे केंद्राची नवी तरतूद आपल्या मंडळात, आपल्या पिकाला लागू आहे का, हे हप्ता भरण्यापूर्वी त्या हंगामाच्या अधिसूचनेत पाहावे किंवा कृषी सहायकांना विचारावे. केवळ बातमीवर विसंबू नये.

वन विभागाच्या पीक नुकसान भरपाईचा रोखही रानडुक्कर, रोही, हरीण, माकड, रानगवा, हत्ती अशा मोठ्या प्राण्यांवर राहिला आहे. उंदरांसाठी शेतकऱ्याच्या हाती त्यातून काही पडत नाही.

मारायचे म्हटले तर कायदा काय सांगतो?

“भरपाई नाही, तर मारू द्या,” अशी मागणी अनेकदा होते. यात पक्षी आणि उंदीर यांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकार या शब्दाचा अर्थ केवळ बंदुकीने मारणे एवढाच नाही. विष घालणे, फासे व जाळे लावणे, पकडणे, घरटे मोडणे, अंडी फोडणे हे सर्व शिकारीतच येते. मोर पहिल्या अनुसूचीत आहे. पोपट, मैना, भोरडी यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांबाबत शिक्षा याहून कडक आहे. काही एअरगनना शस्त्र परवाना लागत नाही. म्हणून त्यांनी पक्षी मारता येतो, असा समज असल्यास तो चुकीचा आहे. परवाना बंदुकीचा असतो, शिकारीचा नव्हे.

याच दुरुस्तीने आणखी एक बदल केला. जुन्या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी पाचवी अनुसूची होती. कावळा, फळे खाणारी वटवाघळे आणि उंदीर त्यात होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत ही अनुसूचीच गेली. आता दुसऱ्या अनुसूचीतील एखादा प्राणी ठरावीक क्षेत्रात, ठरावीक काळासाठी उपद्रवी म्हणून घोषित करायचा असेल, तर केंद्राला अधिसूचना काढावी लागते. उभ्या पिकाला धोका असल्यास त्या अनुसूचीतील प्राणी मारण्याची लेखी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी देऊ शकतो. थव्याने येणाऱ्या पक्ष्यांसाठी हा मार्ग व्यवहारात उपयोगी नाही.

उंदरांचे नियंत्रण मात्र थांबलेले नाही. कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी झालेली उंदीरनाशके बाजारात आहेत आणि कृषी विभाग व कृषी विद्यापीठे त्यांच्या वापराची शिफारस करतात. फक्त तीच, लेबलवर लिहिल्याप्रमाणेच वापरायची आहेत. पिकावरचे कीटकनाशक धान्याला चोळून बांधावर टाकणे बेकायदा आहे. त्यात उंदरांआधी मोर, तितर, कुत्री आणि गुरे मरतात.

केवळ मारून प्रश्न का सुटत नाही?

हनोई शहरात १९०२ मध्ये फ्रेंच प्रशासनाने उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे बक्षीस लावले. शेपट्यांचे ढीग जमले, पण उंदीर कमी झाले नाहीत. लोक शेपूट कापून उंदीर सोडून देत होते आणि काही जण तर बक्षिसासाठी उंदीर पाळत होते. चीनमध्ये १९५८ मध्ये चिमण्या मारण्याची देशव्यापी मोहीम झाली. चिमण्या घटल्या आणि पिकावरील किडी वाढल्या, म्हणून १९६० मध्ये चिमणीला त्या यादीतून काढावे लागले.

आपल्याकडची भोरडी हे याचे जवळचे उदाहरण आहे. पावसाळ्याच्या शेवटी येणारे हे पाहुणे पक्षी हिवाळ्यात दादरीच्या कणसांवर बसतात हे खरे. पण त्यांच्या खाण्यात नाकतोडे आणि टोळही मोठ्या प्रमाणात असतात. त्यांना दाणे चिकात असताना तीन-चार आठवडे शेतापासून दूर ठेवणे गरजेचे आहे, संपवणे नाही.

उंदरांचे गणित वेगळे आहे. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा, एका वेळी पाच-सहा किंवा त्याहून जास्त पिल्ले आणि ती दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम. एकट्या शेतकऱ्याने आपल्या शेतातले उंदीर संपवले तरी शेजारच्या बांधावरचे काही आठवड्यांत मोकळ्या बिळांत येऊन राहतात. त्याचा खर्च वाया जातो आणि “औषधात दम नाही” असा निष्कर्ष निघतो.

बागायतीबरोबर पसरलेली घूस

खान्देशच्या शेतात सर्व उंदीर एक नसतात. ओळख पटली तर उपाय सोपा होतो.

- लहान घूस: बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, तोंड बहुधा बुजलेले. ओलावा असलेली जमीन आणि मजबूत बांध तिला आवडतात. ऊस, गहू, केळी, भुईमूग अशा बागायतीत आढळते. बिळात धान्याचा साठा करते.
- मऊ केसांचा शेतउंदीर: आकाराने लहान. काळ्या जमिनीच्या भेगांत आणि बांधाच्या कपारीत राहतो.
- पांढऱ्या पोटाचा, झुपकेदार शेपटीचा उंदीर: कोरडी, हलकी जमीन पसंत करतो. बिळाची तोंडे उघडी असतात.

यांतील लहान घूस पाण्यामागे जाते. राजस्थानच्या पश्चिम भागात इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचल्यावर पूर्वी वाळवंटी उंदीर असलेल्या शेतांत घूस शिरल्याची नोंद शास्त्रज्ञांनी केली आहे. गिरणा आणि हतनूरच्या कालव्यांखालील शेती, वर्षभर उभी असलेली केळी आणि ठिबकमुळे कायम ओली राहणारी ओळ तिला हवी तशीच आहे. उन्हाळ्यात कोरडवाहू शेत उपाशी असते, तेव्हा बागायती शेत तिला आसरा देते. पाऊस पडला की तिथूनच ती पसरते. म्हणून केळीवाल्याचा बांध आणि कापूसवाल्याचा बांध हा एकच प्रश्न आहे.

ठिबकच्या नळ्यांचे नुकसानही यात धरावे. उंदीर आणि खारी उपनळ्या कुरतडतात. हंगाम संपल्यावर नळ्या पाचटाखाली शेतात तशाच पडू देऊ नयेत. त्या गुंडाळून उंचावर टांगाव्यात. ओळीवरचे तण व पालापाचोळा दाट साचू देऊ नये.

आखाजी ते मृग हीच खरी वेळ

उंदीर दिसू लागले की औषध आणायचे, ही सवय बदलायला हवी. सप्टेंबरमध्ये शेतात दाणा मुबलक असतो. उंदीर आमिषाकडे फिरकत नाही आणि तोपर्यंत संख्याही वाढलेली असते. मे ते जूनच्या सुरुवातीला शेत रिकामे, अन्न कमी, संख्या सर्वात कमी आणि बिळे बांधावर स्पष्ट दिसणारी असतात. खान्देशात आखाजीपासून शेतीचे नवे वर्ष आणि सालदाराचे नवे साल सुरू होते. आखाजी ते मृग नक्षत्र या काळातच गावाची मोहीम ठेवावी. दुसरी फेरी रब्बी पेरणीच्या आसपास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावी.

उंदीर अत्यंत सावध प्राणी आहे. नवीन वस्तूला तो आधी टाळतो, मग थोडे चाखतो. झिंक फॉस्फाईडसारख्या तीव्र विषाचा थोडाच अंश पोटात जाऊन तो वाचला, तर ती चव लक्षात ठेवतो आणि पुढे बराच काळ त्या आमिषाला तोंड लावत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

१. बिळे मोजा. पहिल्या दिवशी संध्याकाळी सर्व बिळे चिखलाने बुजवा. दुसऱ्या दिवशी उघडलेली बिळे तेवढी जिवंत समजा.

२. बिनविषारी आमिष द्या. दोन-तीन दिवस ज्वारी, बाजरी किंवा मक्याची भरड थोडे गोडेतेल लावून जिवंत बिळांत ठेवा. यामुळे उंदराची भीती जाते.

३. विषारी आमिष एकदाच द्या. ९६ भाग भरड, २ भाग गोडेतेल, २ भाग झिंक फॉस्फाईड (८० टक्के) हे प्रमाण ठेवा. प्रत्येक जिवंत बिळात कागदाच्या पुडीत १० ग्रॅम आमिष खोल सारा आणि तोंड बुजवा. ५० जिवंत बिळे असतील तर ५०० ग्रॅम आमिष लागते. म्हणजे ४८० ग्रॅम भरड, १० ग्रॅम तेल आणि १० ग्रॅम औषध. झिंक फॉस्फाईड एका हंगामात दुसऱ्यांदा वापरू नका.

४. उरलेल्यांसाठी ब्रोमॅडिओलोन. दहा-बारा दिवसांनी पुन्हा बिळे बुजवून मोजा. उघडलेल्या बिळांत ०.००५ टक्के ब्रोमॅडिओलोनची तयार वडी लेबलप्रमाणे ठेवा. याचा परिणाम काही दिवसांनी होतो. त्यामुळे उंदीर मरण आणि आमिष यांचा संबंध जोडू शकत नाही.

५. मेलेले उंदीर रोज गोळा करा. हातमोजे घालून खोल पुरा. १९९४ मध्ये बीड जिल्हा आणि सुरत येथे प्लेगची साथ आली होती. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने उचलू नये हा धडा तेव्हापासूनचा आहे.

औषध उघड्या जागेत, काठीने, तोंडावर कापड बांधून मिसळावे. झिंक फॉस्फाईडचा ओलाव्याशी संपर्क येताच विषारी वायू तयार होतो आणि त्यावर विशिष्ट उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के-१ हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनीच द्यायचा. विषबाधा झाल्यास औषधाचे वेष्टन सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या शेतकऱ्याने स्वतः घेऊन बिळात टाकू नयेत. त्यांचा वापर शासकीय यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे.

घुबड वाचवायचे असेल तर

गव्हाणी घुबड, धामण आणि मुंगूस रोज फुकट काम करतात. घुबडाला अशुभ मानून हुसकावणे म्हणजे आपलाच राखणदार घालवणे होय. मात्र विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरू शकते. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे उंदराच्या शरीरात जास्त काळ टिकतात, त्यामुळे हा धोका त्यांच्यात अधिक आहे. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये उंदरांचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा न्यू साउथ वेल्स राज्याने शेतांच्या कडेने ब्रोमॅडिओलोन वापरण्याची परवानगी मागितली होती. इतर वन्यजीवांना असलेला धोका पाहून तिथल्या नियामक संस्थेने ती दिली नाही. आपण इतके करू शकतो: आमिष उघड्यावर कधीच नाही, फक्त बिळात, आणि मेलेला उंदीर सकाळी सकाळीच उचलायचा.

रिकाम्या शेतात आणि बांधालगत इंग्रजी टी आकाराचे उंच पक्षीथांबे लावावेत. मात्र ज्वारी, बाजरी, मका दाणे भरण्याच्या अवस्थेत आले की शेतातले थांबे काढावेत, नाहीतर त्यांवर दाणे खाणारे पक्षी बसतात.

पक्षी हुशार, उपाय बदलते ठेवा

एकच बुजगावणे महिनाभर उभे असेल तर पोपट त्याच्या डोक्यावर बसतो. फटाके आणि ध्वनियंत्रांचीही काही दिवसांत सवय होते. त्यामुळे दोन गोष्टी पाळाव्यात: उपाय फक्त नाजूक अवस्थेत वापरायचा आणि दर चार-पाच दिवसांनी बदलायचा.

- वेळ: पक्ष्यांचा जोर सूर्योदयानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे दोन तास असतो. माळ्यावरची राखण आणि गोफण या वेळांत ठेवली तर मजुरी वाचते. गोफणीचा दगड पक्ष्यावर नव्हे, थव्याच्या बाजूला टाकावा.
- चमकणारी फीत: एक बाजू लाल व दुसरी चंदेरी असलेली फीत पिकाच्या वर हातभर उंचीवर, पीळ देऊन, सुमारे ५ मीटरच्या ओळींत ताणावी. दाणे चिकात येताच लावावी, आधी नाही.
- मका: क्षेत्र कमी असल्यास कडेच्या ओळींतील कणसे त्याच झाडाच्या हिरव्या पानांनी गुंडाळावीत. पोपट बहुधा कडेने सुरुवात करतो.
- बाजरी: जिथे चिमण्यांचा त्रास नेहमीचा आहे, तिथे कणसावर केस असलेले वाण निवडावे.
- फळबाग: जाळी वापरायची असेल तर जाड धाग्याची, दिसेल अशा रंगाची आणि ताणून बांधावी. सैल, पातळ नायलॉन जाळीत पक्षी व साप अडकून मरतात.

यापेक्षा मोठा मुद्दा पीक पद्धतीचा आहे. पूर्वी गावात शंभर एकर दादर असे, तेव्हा थव्याचे नुकसान शंभर एकरांत विभागले जाई. आता कापूस आणि मक्याच्या मधोमध पाच एकर दादर उरते आणि सगळा थवा त्याच पाच एकरांवर उतरतो. मग पक्षी वाढले असे वाटते आणि उरलेला शेतकरीही दादर सोडतो. हीच गोष्ट सर्वांआधी किंवा सर्वांनंतर पेरलेल्या मक्याची. शेजारच्या चार-पाच जणांनी एका पट्ट्यात, एकाच आठवड्यात पेरणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याचे नुकसान आणि राखणीचा खर्च दोन्ही कमी होतात.

गावाने आणि यंत्रणेने काय करावे?

- ग्रामसभेत आखाजीच्या सुमारास उंदीर मोहिमेची तारीख ठरवावी. कालव्याचा भराव, गावठाणाची कडा, गायरान आणि नाल्याचा काठ यांचाही त्यात समावेश करावा. या जागा कोणाच्याच नसतात, म्हणून उंदीर तिथेच राहतात.
- कृषी सहायकांनी मोहिमेआधी आणि नंतर काही ठरावीक बांधांवरील जिवंत बिळांची नोंद ठेवावी. त्यासाठी फक्त चिखल, वही आणि दोन सकाळी लागतात. अशी नोंद तीन-चार वर्षांची झाली तर विम्याच्या यादीसाठी राज्याकडे बोलताना हातात आकडे असतील.
- काढणीआधी कडेच्या आणि मधल्या ओळींतील शंभर-शंभर कणसे तपासून किती पोखरली, हे लिहून ठेवावे.
- शिफारशी व प्रात्यक्षिकांसाठी पाल आणि ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रे तसेच धुळ्याचे कृषी महाविद्यालय व कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क ठेवावा.

विम्याच्या यादीत उद्या काय येईल, हे शेतकऱ्याच्या हातात नाही. पण न मोजलेले नुकसान कोणत्याच यादीत येत नाही, हे नक्की. तोपर्यंत उंदरांचा खर्च शेतकऱ्याच्याच अंगावर आहे. तो कमी करायचा असेल तर पहिले काम शेजाऱ्याला विचारण्याचे आहे: तुम्ही बिळे कोणत्या दिवशी बुजवणार?